तुम्ही विचारलंत म्हणून: मत दिलं, दारं वाजवली नाहीत

हिलरी क्लिंटनना. ८ नोव्हेंबर २०१६ ला, पेनसिल्व्हेनियातल्या चेस्टर काउंटीत, कामावर जायच्या आधी रांगेत उभी राहून मी हिलरी क्लिंटनना मत दिलं. उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे उरलेलं नीट ऐकून घ्याल. मंडळाच्या गणपतीत असो की पुण्याच्या आतेबहिणीच्या फोनवर, प्रश्न तोच येतो: "तुम्ही बर्नी सँडर्सवाल्या ना? तो प्रायमरीत हरल्यावर नोव्हेंबरात कुणाला दिलंत मत?" (सँडर्स म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी हिलरींशी लढलेले सिनेटर, आणि प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक.) विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर निकाल आधीच लागलेला असतो. तुम्ही लोक रुसून बसलात म्हणून ट्रम्प आला, हा तो निकाल.

गणित मलाही येतं. त्या निवडणुकीनंतरच्या एका मोठ्या सर्वेक्षणात निघालं की प्रायमरीत सँडर्सना मत देणाऱ्यांपैकी साधारण १२ टक्के लोकांनी पुढे ट्रम्पना मत दिलं. आमच्या राज्यात सँडर्सना सात लाखांवर मतं पडली होती आणि नोव्हेंबरात हिलरी इथे हरल्या ४४,२९२ मतांनी. गुणाकार करून बघा, काय येतं ते मला ठाऊक आहे. पण त्या बारा टक्क्यांतले किती जण मनाने डेमोक्रॅटिक पक्षाचे होते, हे कुणी विचारत नाही. २००८ साली हिलरी ओबामांपुढे हरल्या, तेव्हा त्यांचेही कितीतरी मतदार नोव्हेंबरात रिपब्लिकन उमेदवार मॅकेनकडे गेले होते. त्यांना आजतागायत कुणी जाब विचारलेला नाही. ओबामा जिंकले ना! जिंकलेल्या निवडणुकीत रुसलेल्यांची मोजदाद होत नाही.

हा झाला वकिली बचाव. तो मला तोंडपाठ आहे आणि त्याचा मला कंटाळा आलाय.

मी एका क्लिनिकमध्ये बिलिंग बघते. म्हणजे दिवसभर विमा कंपन्यांशी भांडण. डॉक्टर एमआरआय लिहून देतात, कंपनी म्हणते आधी परवानगी घ्या. परवानगी मागितली की म्हणतात आधी काही आठवडे फिजिओथेरपी करून बघा. ती केली की कागदावर कुठेतरी तारीख चुकलेली असते, म्हणून क्लेम परत. नकाराचे कोड मला पाढ्यांसारखे पाठ झालेत: १९७ म्हणजे आधी परवानगी घेतली नव्हती, ५० म्हणजे उपचार गरजेचे होते असं कंपनीला वाटत नाही. पेशंट फोनवर रडतात ते माझ्याजवळ, कंपनीजवळ नाही. अशात २०१५ साली विस्कटलेल्या केसांचा एक म्हातारा सिनेटर टीव्हीवर सांगायला लागला की हा सगळा पसारा काढून टाका, म्हाताऱ्यांना मिळतो तो सरकारी विमा, मेडिकेअर, सगळ्यांना द्या. मी भारावले वगैरे नाही. हा माणूस माझ्या ऑफिसबद्दल बोलतोय, एवढं मात्र वाटलं. तसं झालं तर माझी नोकरी पहिल्यांदा जाईल हेही कळत होतं.

आपल्या लोकांत हे कुणाला सांगायची सोय नव्हती. घरटी एक चांगल्या कंपनीचा विमा, मुलांच्या कॉलेजचे पैसे पोटाला चिमटा काढून साठवलेले. दुसऱ्यांच्या मुलांची फी आपण का भरायची? ठाण्याहून बाबा म्हणाले, "समाजवाद आम्ही भोगलाय. रॉकेलच्या रांगेत तूही उभी राहिली आहेस." (कुणीतरी मागे लगेच जोडून टाकलं होतं की हिचे वडील गिरणी कामगार असणार, संपात होरपळलेले. नाही हो. बँकेत होते, आणि जन्मभर त्यांनी आधी जनसंघाचा दिवा आणि मग कमळ यांखेरीज कशावर शिक्का मारला नाही.) टीव्हीवर आम्हाला 'बर्नी ब्रो' म्हणत. म्हणजे दाढीवाली, उद्धट, गोरी पोरं. मी पन्नाशीला टेकलेली, गुडघ्याला पट्टा बांधून हिंडणारी बाई. ब्रो!

२०१६ च्या वसंतात शनिवार-रविवार मी सँडर्सच्या प्रचारासाठी कोट्सव्हिलमध्ये दारोदार हिंडले. जुनं पोलादाचं गाव, आमच्या काउंटीतलं. आमच्या भागातले लोक तिथून फक्त गाडीने जातात. पेनसिल्व्हेनियाची प्रायमरी बंद दाराची असते. पक्षात नाव नोंदवलेलं नसेल तर मत नाही, आणि नोंदणीची मुदत मार्चअखेरीलाच संपलेली. त्यामुळे सगळ्यात मनापासून बोलणारी माणसं हटकून अपक्ष निघायची. एक बाई आठवते. दाराची जाळी अर्धी उघडून, पायाने कुत्र्याला मागे रेटत तिने मला इन्शुलिनचा हिशोब सांगितला: विम्याचं वर्ष जानेवारीत नव्याने सुरू होतं, डिडक्टिबल संपेपर्यंत सगळं खिशातून, म्हणून हिवाळ्यात ती डोस ताणून ताणून घेते. तिला मत नव्हतं. यादीत ती नव्हतीच, तिचा मुलगा होता. मी तिचं ऐकलं, पत्रक दिलं आणि पुढच्या घरी गेले.

२६ एप्रिलला इथे आम्ही बारा टक्क्यांनी हरलो. जुलैत पक्षाचं अधिवेशन नेमकं फिलाडेल्फियातच भरलं, आणि त्याच्या तोंडावर विकीलीक्सने पक्ष कार्यालयातले, सँडर्सविरोधी सूर असलेले ईमेल बाहेर काढले. पक्षाध्यक्षा डेबी वासरमन शुल्झ यांना राजीनामा जाहीर करावा लागला. पंच कुणाच्या बाजूचा होता हे आम्ही वर्षभर बोलत होतो तेव्हा आम्हाला वेडं ठरवलं जात होतं. मी ब्रॉड स्ट्रीटवरच्या मोर्चात उन्हात चालले. त्याच दिवशी, २५ जुलैला, सँडर्स आपल्या प्रतिनिधींना म्हणाले की आता हिलरींना निवडून आणायचं, आणि त्यांच्याच माणसांनी त्यांची हुर्यो उडवली. मला त्या लोकांची चीड आली. दुसऱ्या दिवशी सँडर्सनीच उठून हिलरींची उमेदवारी मंजूर करा अशी सूचना मांडली. ते मी घरी टीव्हीवर पाहिलं, आणि मग हुर्यो उडवणाऱ्यांची तेवढी चीड राहिली नाही. इतकंच सांगू शकते.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले ती.

शनिवार, २९ ऑक्टोबर. आदल्या दिवशी एफबीआयचे संचालक जेम्स कोमी यांचं ते पत्र आलेलं, हिलरींनी परराष्ट्रमंत्री असताना खासगी सर्व्हरवरून पाठवलेल्या ईमेलच्या चौकशीचं भूत पुन्हा उठवणारं. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन, आणि माझ्या चकल्या व्हायच्या होत्या. ताई आल्या. त्यांना इथे सगळेच ताई म्हणतात, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, मी या देशात आले तेव्हा पहिला कुकर त्यांनीच आणून दिला होता. त्यांनी पिठाच्या परातीशेजारी क्लिपबोर्ड ठेवला. वर नकाशा, खाली घरांची यादी: पत्ता, नाव, वय, पक्षाचं अक्षर, आणि शेवटी १ ते ५ आकड्यांच्या चौकटी. १ म्हणजे पक्का आपला, ५ म्हणजे पक्का समोरच्याचा. रस्त्यांची नावं मी लगेच ओळखली. कोट्सव्हिल.

"तुझं नाव सांगून आणलंय हे," ताई म्हणाल्या. "तिथले लोक तुला ओळखतात."

"ताई, मत मी देणार आहे. सांगितलंय तुम्हाला."

"मत एक. दारं बेचाळीस."

मी सोऱ्या दाबत राहिले. चकल्या तुटत होत्या, मोहन कमी पडलं असावं. म्हटलं, "दार उघडलं की माणूस विचारतो, तुम्हाला ह्या बाई का हव्यात? तिथे मी काय सांगू? ट्रम्प नको म्हणून?"

"सांग की. पुरेसं आहे तेवढं."

"मला नाही पुरत."

ताई खुर्ची ओढून बसल्या. आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. "२००८ साली हिलरी हरल्या तेव्हा मला दोन दिवस अन्न गेलं नाही," त्या म्हणाल्या. "ह्या राज्यात त्या जिंकल्या होत्या, आणि ते आम्ही बायकांनी करून दाखवलं होतं. सप्टेंबरात मी ओबामांचा क्लिपबोर्ड उचलला. लोक दारात हसायचे. म्हणायचे, बाई, एप्रिलमध्ये तर उलटं सांगत होता! मी म्हणायचे, हो, सांगत होते."

"तुम्हाला ओबामांची भाषणं तरी आवडायची."

"कोण म्हणालं?"

यावर मला काही सुचलं नाही. त्यांनीच पुढे चालवलं: पंधरा डॉलर किमान वेतन जाहीरनाम्यात घेतलं ना तुमचं? सरकारी कॉलेजची फी माफ करायचं घेतलं ना? "आणखी काय हवं होतं गं? त्यांनी तुमच्या पाया पडायला हवं होतं?" मी म्हटलं, जाहीरनाम्यातच घेतलंय ना. त्या म्हणाल्या, सत्तेत नसणाऱ्याला दुसरं काय देता येतं?

मी यादीला हात लावला नाही. त्या बाईचा, म्हणजे तिच्या मुलाचा, पत्ता त्यात होता का, तेही पाहिलं नाही. ताई क्लिपबोर्ड घेऊन उठल्या. चकल्यांचा डबा दिला, तो मात्र घेतला.

तेव्हाची मी आजच्या मला काय सांगते ते ऐका. ती म्हणते, मत हे कर्तव्य आहे, ते मी केलं. दारात उभी राहते तेव्हा मी माझा शब्द खर्च करते. आधी ज्यांना सांगितलं की ही व्यवस्था दुरुस्त होण्यातली नाही, बदलावी लागेल, त्यांनाच सहा महिन्यांनी सांगू की दुरुस्त होईल? मग पुन्हा कधी त्या दारात तोंड दाखवू? उमेदवार हरला की त्याची मतं दुसऱ्या खात्यात वळती करता येतात. गुडघ्याला पट्टा बांधून हिंडायची इच्छा कशी वळती करणार?

आजची मी म्हणते, शब्द कसला घेऊन बसलीस? ट्रम्प ओबामाकेअर, म्हणजे ओबामांचा आरोग्य विम्याचा कायदा, रद्द करतो म्हणत होता. तुझ्या १९७ आणि ५० ला तरी अपील करता येतं. विमाच गेला तर कसलं अपील करणार होतीस?

ती म्हणते, रद्द झालं का?

२०१७ च्या जुलैत सिनेटमध्ये ते एका मताने वाचलं, जॉन मॅकेनच्या. म्हणजे माझ्यामुळे नव्हे. पण ती हे ऐकून घेत नाही, आणि खरं सांगायचं तर तिला गप्प करावं असं मला फारसं वाटतही नाही. बेचाळीस दारांनी ४४,२९२ चं अंतर भरून निघालं नसतं हे शेंबडं पोरही सांगेल. पण ताईंचा तो मुद्दाच नव्हता. माझ्यासारख्या किती जणींच्या ओट्यावर त्या शनिवारी असा क्लिपबोर्ड पडून राहिला, हा त्यांचा मुद्दा होता.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला नाही. मी केला, तो उचलला नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला भेटल्या तेव्हा त्यांनी तिळगूळ दिला आणि "गोड बोला" एवढंच म्हणाल्या, दोन्ही शब्द सारख्याच सुरात. पुढचं बरंच काही आमच्यात तसंच गेलं.

२०२० बद्दलही विचारता, म्हणून तेही. फेब्रुवारीत नेवाडा जिंकल्यावर मला खरंच वाटलं होतं की यंदा जमतंय. मग साउथ कॅरोलायना, मग एका रात्रीत बुटिजेज आणि क्लोबुचर हे दोन उमेदवार माघार घेऊन बायडनमागे उभे, आणि ३ मार्चला चौदापैकी दहा राज्यं बायडनना. ८ एप्रिलला सँडर्सनी बर्लिंग्टनहून थांबत असल्याचं सांगितलं. आमची प्रायमरी कोव्हिडमुळे २ जूनवर गेली होती, मतपत्रिकेवर त्यांचं नाव होतं, मी त्यांनाच मत दिलं. आणि त्या शरद ऋतूत मी बायडनसाठी फोन केले. हो, केले. सगळ्या संध्याकाळी, हेडफोन लावून, कोट्सव्हिललासुद्धा. तुम्हाला ही विसंगती वाटते, मलाही वाटते. २०१६ च्या मला विचारलंत तर ती म्हणेल, घाबरलीस. २०२० ची म्हणेल, चार वर्षं जगून बघितली. बायडन इथे ८०,५५५ मतांनी जिंकले तेव्हा ताईंचा मेसेज आला: "बघ." एकच शब्द. मी उत्तरादाखल अंगठा पाठवला आणि नंतर बराच वेळ चिडचिड करत बसले, कारण फोन केले म्हणून जिंकलो हे सिद्ध होत नाही, जसं दारं वाजवली नाहीत म्हणून हरलो हेही होत नाही.

विमा कंपन्यांचे नकार अजून येतात. सँडर्सवाली म्हणून मला ऑफिसात अजून चिडवतात, आणि हरलेल्या माणसाला किती दिवस धरून बसणार असंही विचारतात. धरून काय बसायचंय, मुद्दा धरून आहे, तो रोज टेबलावर येऊन पडतो.

तेव्हा मत कुणाला दिलं याचं उत्तर मिळालं. दारांबद्दल विचारायचं असेल तर मला एकटीला विचारू नका, ताई असतील तेव्हा विचारा. त्यांचं उत्तर माझ्याहून वेगळं आहे, आणि त्या ते माझ्या तोंडावर सांगतात.