दिव्याचं चित्र बोळात गेलं

घरात जुन्या चित्रांच्या प्रिंट फ्रेम करून लावतेय. चौथी फ्रेम टांगून झाली, पण त्याआधी दुसरी उतरवावी लागली. चित्रकार सा. ल. हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’, हातात दिवा घेतलेली ती बाई. मी ते हौसेने हॉलमध्ये खिडकीसमोर लावलं होतं. दिवसभर काचेत समोरच्या इमारतीची गॅलरी दिसायची आणि दिवा विझल्यासारखा वाटायचा.

या चित्रात उजेड येतो तो दिव्यातूनच. ज्योतीवर धरलेल्या हाताची बोटं आतून लालसर उजळतात, तो उजेड खालून चेहऱ्यावर चढतो, आणि बाकी सगळा अंधार. खिडकीच्या उजेडाने तो अंधारच पुसून टाकला होता. आता चित्र स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळात आहे, वर एक मंद पिवळा दिवा. संध्याकाळी तिकडून जाताना पाय थांबतो. हळदणकरांची मुलगी गीता या चित्रासाठी उभी राहिली होती, हे कळल्यापासून मला ते घरातलंच वाटतं. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, १९४५-४६ सालचं. पुष्कळ जण ते रविवर्म्याचं समजतात.

प्रिंटही दुसऱ्यांदा काढली. पहिली चकचकीत कागदावर होती आणि बोटं नुसती केशरी दिसत होती. मूळ काम जलरंगातलं आहे, म्हणून या वेळी चमक नसलेला, जाडसर सुती कागद घेतला. मोठी प्रिंट काढण्याआधी त्याच कागदावर पोस्टकार्डाएवढा तुकडा छापून घेतला आणि रात्री त्याच दिव्याखाली धरून पाहिला. एवढं जरूर करा.

रविवर्म्याचं ‘देअर कम्स पापा’ (१८९३) मात्र पहिल्याच फटक्यात जमलं. कडेवर मूल घेतलेली आई, जवळ कुत्रा, आणि ज्याची वाट पाहताहेत तो बाप चित्रात नाहीच. मायलेकरांची नजर ज्या दिशेला जाते त्या दिशेला आमचं मुख्य दार येईल अशी भिंत निवडली. ऑफिसातून नवरा आला की मला दर वेळी गंमत वाटते. मूळ तैलचित्र असल्यामुळे इथे थोडी चमक खपते.

पावसाळ्यासाठी: पश्चिमेच्या भिंतीला ओल येते, तिथे काहीही टांगलेलं नाही. बाकी फ्रेमच्या मागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले, म्हणजे मागून हवा खेळते. काच आणि प्रिंट यांच्यामध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, हवाच. गेल्या वर्षी माउंटशिवाय केलेली एक प्रिंट काचेला चिकटली आणि सोडवताना फाटली.

आता जेवणाच्या टेबलामागची भिंत उरली आहे. तिथे चित्रकार पेस्तनजी बोमनजींचं पोपटाला भरवण्याचं चित्र (१८८२) हवंय. चांगली, मोठी प्रतिमा मिळेपर्यंत खिळा ठोकणार नाही.