बोअरच्या लाइनीतला धडाका: वरचा एनआरव्ही काढला, खालचा बदलला

आर्वी तालुक्यातल्या आमच्या घरचा बोअर १८० फुटांचा. एक एचपीची सबमर्सिबल (पाण्यात बुडालेली मोटार-पंप) १६० फुटांवर, तिथून वर ३२ एमएमचा काळा एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप, बोअरच्या तोंडाशी जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) बेंड, त्याला लागून फ्लॅपचा, म्हणजे झडपेचा, पितळी एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह), आणि पुढे स्लॅबवरच्या हजार लिटरच्या टाकीपर्यंत एक इंची यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकचा पाइप. मोटार सुरू केली की धाडकन आवाज यायचा, भिंतीवरचा पाइप हलायचा. मे महिन्यात स्लॅबवरचा एक एल्बोही सुटला.

अशा आवाजात पहिली गोष्ट पाहायची ती वेळ. आमचा धडाका बटन दाबल्याबरोबर येत नव्हता, पाच-सहा सेकंदांनी येत होता, आणि तो झाला की लगेच टाकीत धार पडायची. मोटार बंद केल्यावरही एक ठोका बसायचा, पण हलका. या पाच सेकंदांतच सगळं निदान आहे.

सबमर्सिबलच्या डोक्यावर एक एनआरव्ही असतोच. तो गळत असेल तर मोटार बंद झाल्यावर पाइपातलं पाणी खाली उतरू लागतं. वरचा एनआरव्ही मात्र घट्ट बंद, त्यामुळे वरून हवा आत शिरत नाही. बोअरमधल्या पाण्यावरचा हवेचा दाब जेमतेम ३३ फुटांचा स्तंभ तोलून धरतो. आमच्या बोअरमधली पाण्याची पातळी ७० फुटांवर, म्हणजे वरच्या व्हॉल्व्हखाली सदतीसेक फूट पाइप रिकामा, आत हवासुद्धा नाही. पाइपाचा आतला व्यास २६ एमएम धरला तर ही जागा सहा लिटरची होते. मोटार सुरू झाली की हे सहा लिटर भरायला पाच-सहा सेकंद लागतात. मध्ये गादीसारखी दबणारी हवा नसल्यामुळे पाणी पूर्ण वेगाने बंद फ्लॅपवर आदळतं. सेकंदाला एक मीटर वेगाचं पाणी जीआय पाइपात एकदम अडलं तर दर चौरस सेंटीमीटरला १२-१३ किलोचा दाब तयार होतो. प्लास्टिकच्या पाइपात तो साधारण एक तृतीयांश, कारण पाइप थोडा फुगून धक्का खातो.

खात्री करायला बोअरचा बेंड आणि वरचा एनआरव्ही यांच्यामध्ये टी (तीन तोंडांचा जोड) टाकून अर्धा इंची तोटी बसवली. मोटार बंद करून अर्धा तास थांबायचं, तोटीच्या तोंडावर ओला कागद धरायचा आणि तोटी उघडायची. पाणी उडालं तर खालचा एनआरव्ही ठीक. कागद आत ओढला गेला तर तो गळतो. आमचा कागद सूंकन आत गेला.

इथे बरेच मिस्त्री वर आणखी एक एनआरव्ही लावायला सांगतात. ते करू नये, त्याने रिकामी जागा कायम राहते.

मोटार काढताना आधी मेन स्विच बंद करून दोन्ही वायरी सोडवल्या. ओढायचं ते नायलॉनच्या दोराने आणि पाइपाने, केबलला हात लावायचा नाही. चार माणसं पुरतात. पाइप हलका, रिकामा वर आला तर निदानावर शिक्का बसला असं समजा. एनआरव्ही चांगला असता तर त्याच पाइपात पंचवीसेक लिटर पाणी असतं.

जुन्या व्हॉल्व्हच्या सीटवर बारीक रेती आणि टेफ्लॉन टेपचा तुकडा अडकलेला होता. टेपची ही चूक फार होते. पहिला आटा मोकळा सोडून दुसऱ्यापासून टेप गुंडाळायचा, म्हणजे तुकडा आत जात नाही. नवा व्हॉल्व्ह स्प्रिंगचा घेतला. पाणी थांबता थांबता स्प्रिंग तो मिटवते. फ्लॅप मात्र पाणी उलटं फिरेपर्यंत उघडा राहतो आणि मग आपटतो. बंद करतानाचा हलका ठोका त्याचाच होता. बसवण्याआधी बाण वर करून व्हॉल्व्हमध्ये पाणी भरलं, दहा मिनिटं धरला. एक थेंबही गळता कामा नये. वरचा एनआरव्ही काढून तिथे साधा पाइप जोडला. एवढ्या खोलीला खालचा एक पुरे. मात्र टाकीत पाणी वरून पडत असलं पाहिजे. इनलेट तळाशी जोडलेला असेल तर खालचा व्हॉल्व्ह गळू लागल्यावर टाकीच बोअरमध्ये रिकामी होईल.

आता बटन दाबल्यावर दोन-तीन सेकंदांत टाकीत धार पडते, आवाज नाही.

उरलेली थरथर क्लॅम्पची होती. एक इंची यूपीव्हीसीला दर तीन फुटांवर क्लॅम्प हवा, आणि एल्बोच्या दोन्ही बाजूंना एकेक. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे जास्तच जपावं लागतं. ४३ अंशांना यूपीव्हीसीची दाब सोसायची ताकद साधारण अर्धी राहते, आणि स्लॅबवर उन्हात पडलेला पाइप त्याहून तापतो. एल्बो मे महिन्यातच सुटला तो यामुळे. स्लॅबवरच्या पाइपाला पांढरा रंग दिला.

लाइट जाऊन लगेच येते तेव्हाची काळजी वेगळी. खालचा एनआरव्ही गळत असेल तर उतरणारं पाणी पंप उलटा फिरवतं, आणि तेवढ्यात मोटार सुरू झाली तर शाफ्टवर पिळा बसतो. ऑटो स्टार्टर असेल तर दोन-तीन मिनिटांचा टायमर लावून घ्या.

धक्का झेलायची हवेची नळी, म्हणजे लाइनीवर उभा, वरून कॅप लावलेला, आत हवा असलेला पाइप, आम्हाला लागली नाही. लावायचीच झाली तर जीआयची लावा. दाबलेल्या हवेने पीव्हीसी फुटला तर त्याचे तुकडे उडतात. शिवाय आतली हवा हळूहळू पाण्यात विरघळते, म्हणून खाली ड्रेनची तोटी ठेवून अधूनमधून नळी रिकामी करावी लागते.

घरातली तोटी बंद करताना ठोका येत असेल तर आधी ती टाकीच्या लाइनीवर आहे की थेट बोअरच्या, ते पाहा. १४ फुटांवरच्या टाकीचा दाब अर्धा किलोही नसतो, त्यामुळे तिथे बहुधा तोटीचा सैल वायसर किंवा सुटलेला क्लॅम्प निघतो.