वासरू बिघडणार, हे आधी कसं कळतं?

वासराला हगवण लागायच्या आधीच तुम्हाला कसं कळतं, असं बरेच जण विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून लिहितो. दूध पाजताना मी त्याच्या पिण्याकडे बघत उभा राहतो, एवढंच.

ठणठणीत वासरू बादली वाजली की उठतं, अंग ताणतं, ढुशा देत पितं आणि दूध संपलं तरी निपल सोडत नाही. बिघडणारं वासरूही उठतं, पितंही; पण मध्येच थांबतं, तोंड बाजूला घेतं, पुन्हा लागतं. शेवटी बादली रिकामी दिसते आणि आपण पुढे जातो. तिथेच चुकतं. रेंगाळलं, किंवा एक कान लोंबलेला दिसला, की मी थर्मामीटर लावतो. ३९.५ सेल्सियसच्या वर गेलं तर ताप. मात्र हगवणीत ताप असेलच असं नाही. फार खचलेलं वासरू उलट गार पडतं.

हगवण लागलीच तर मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. दोन सेकंदांत सपाट झाली नाही किंवा डोळे खोल गेले, तर अंगातलं पाणी कमी झालंय. मग तोंडात बोट घाला. तोंड ऊबदार असेल आणि बोट जोरात चोखलं, तर क्षार-पाणी तोंडाने पाजा. तोंड गार आणि चोखणं बंद असेल तर काही ओतू नका, फुफ्फुसात जाईल. डॉक्टर बोलवा, सलाईन शिरेतूनच लागेल. आणि हो, दूध तोडायचा सल्ला मला अजिबात पटत नाही. आधीच पाणी नि क्षार चाललेत, त्यात उपास कशाला? दूध चालू ठेवा, क्षार-पाणी दोन पाजण्यांच्या मध्ये द्या.

पण निम्मं काम जन्माच्या दिवशीच होतं. पोटात असताना गाईच्या वारेतून वासराला प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, मिळत नाहीत; ती चिकातूनच, म्हणजे व्यायल्यानंतरच्या पहिल्या दुधातूनच येतात. आणि २४ तासांत आतडं ती शोषणं थांबवतं. म्हणून पहिल्या दोन तासांत वजनाच्या दहा टक्के चीक पोटात गेला पाहिजे, म्हणजे ४० किलोच्या वासराला ४ लिटर. दाटपणा बघून समाधान मानू नका. ब्रिक्स मीटरवर, म्हणजे चिकाचा कस आकड्यात दाखवणाऱ्या उपकरणावर, थेंब टाका. २२ किंवा वर आकडा आला तर पाजा. कमी आला तर फ्रीजरमधला चांगला चीक काढा आणि कोमट पाण्यात ठेवून वितळवा. उकळत्या पाण्यात ठेवलात तर प्रतिपिंडं नासतील.