लिंबाखालची झोप

नीरेच्या दत्तघाटावर माऊलींच्या पादुकांना स्नान घातलं, तेव्हा मी गर्दीत खूप मागं होते. दिसलं काहीच नाही. पण गजर उठला आणि आजूबाजूच्या बायांनी वाकून नदीचं पाणी डोळ्यांना लावलं, तसं मीही लावलं. नीरा ओलांडली की पुणे जिल्हा संपतो, पाडेगाव लागतं, सातारा जिल्हा सुरू होतो. म्हणजे मी माझ्याच मुलखात चालत येत होते.

आई दोन वर्षं अंथरुणावर होती. शेवटचे आठ महिने तिच्या उशाशी ऑक्सिजनचं यंत्र असायचं. त्याची घरघर चालू असली तरच माझा डोळा लागायचा, थांबली की मी ताडकन उठून बसायचे. आई गेली, यंत्र परत गेलं, आणि मग ती शांतताच मला झोपू देईना. रात्री दोन-अडीचला उठायचं आणि उजाडेपर्यंत छताकडं बघत पडायचं, असे चार महिने गेले. गोळ्यांनी ग्लानी येई, झोप नाही.

लोणंदच्या तळावर दिंडीतल्या एका आजींना हे सांगितलं. परभणीकडच्या, सत्तरीच्या, डोक्यावर तुळस. त्यांनी माझे पाय बघितले, फोडांना खोबरेल लावलं आणि म्हणाल्या, "राहुटीत नको निजू बाई. जमिनीला पाठ लाव. ती वढून घेती समदं."

दुसऱ्या दिवशी वाटेवरच्या 'चांदोबाचा लिंब' या ठिकाणी पहिलं उभं रिंगण झालं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वारकरी, मधल्या मोकळ्या वाटेनं आधी स्वाराचा घोडा दौडत गेला, मागोमाग माऊलींचा. क्षणभराचा खेळ. टापांखालची माती कपाळाला लावायला सगळे धावले, मीही धावले. पावसाचं म्हणाल तर हा पर्जन्यछायेचा पट्टा, सह्याद्री ओलांडून ढग येतात ते वाऱ्यावर स्वार होऊन पुढं निघून जातात. चार थेंब टाकतात तेवढेच. पण वारा! धोतरं, पदर, पताका सगळं एका दिशेला फडफडत होतं आणि माझ्या छातीतला दमही त्याच दिशेला मोकळा होत होता. पालखी मार्ग आता रुंद झालाय, चालायला सोपा आहे. जुने वड मात्र बऱ्याच ठिकाणी गेले आणि उन्हाच्या वेळी ते फार आठवतात. सावली दिसली की आख्खी दिंडी तिच्यात दाटीवाटीनं बसते. झाडाचं मोल मला तिथं कळलं, माझ्या अंगणातल्या आंब्याखाली कधी कळलं नव्हतं.

रात्री तरडगावच्या तळाजवळ बांधावर एक लिंब होता. त्याच्याखाली घोंगडी टाकली. खाली ढेकळं, पाठीला टोचणारी. शेजारच्या दिंडीत भजन चाललेलं. वर पाल्यातून वारा वाहत होता, सारखा, मध्येच थांबत होता, पुन्हा येत होता. मी सवयीनं कान लावला. वारा थांबला की काळजात धस्स व्हायचं, आणि तो आपसूक पुन्हा सुरू व्हायचा. दहा वेळा, वीस वेळा. मग माझ्या ध्यानात आलं की इथं कुणाच्या श्वासाची राखण माझ्याकडं नाही. तो चालवणारा कुणी वेगळा आहे. मला हुंदका आला, मोठ्यानं आला. आजींनी झोपेतच माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यानंतरचं मला आठवत नाही.

पहाटे आजी हलवत होत्या, "उठ माऊली, निघायचा कर्णा वाजला." माझ्या केसांत पिकलेल्या लिंबोळ्या अडकल्या होत्या. त्यांनी एकेक वेचून काढल्या आणि माझ्या तळहातावर ठेवल्या. पिवळ्याधमक, चिकट.

त्या दिवशी फलटणपर्यंतची वाट लांबची होती. पायांत फोड होतेच. रात्री फलटणच्या विमानतळाच्या माळावर दिंडीच्या राहुटीत जागा होती, पण मी घोंगडी उचलून बाहेर आले.