अर्ध्या किलोच्या डंबेलने मांड्या भरत नाहीत

म्हातारपणी गेलेले स्नायू परत येतात का? याचं उत्तर १९९० सालीच मिळालंय. बॉस्टनच्या एका वृद्धसेवागृहात मारिया फियाटारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदीच्या दहा रहिवाशांकडून मांडीच्या स्नायूंचा वजनी व्यायाम करून घ्यायला सुरुवात केली. आठ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, तर मांडीतल्या स्नायूंचं क्षेत्रफळ ९ टक्क्यांनी.

या दोन आकड्यांत एवढी तफावत का? झटकन आकुंचन पावणारे, म्हणजे तोल जाताना सावरणारे स्नायूतंतू वयोमानाने आधी बारीक होतात आणि काहींचा मज्जातंतूशी संबंधच तुटतो. व्यायाम सुरू केला की पहिल्या काही आठवड्यांत मेंदू आणि नसा उरलेले तंतू जास्त संख्येने कामाला लावतात. मांस भरायला त्याहून वेळ लागतो. म्हणून महिन्याभराने टेपने मांडी मोजून निराश होऊ नका. खुर्चीतून उठणं सोपं झालंय का, ते बघा.

या प्रयोगातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे वजन. ती व्यक्ती एकदाच जेमतेम उचलू शकेल त्या वजनाच्या सुमारे ८० टक्के! आपल्याकडे मात्र आजींच्या हातात अर्ध्या किलोचं गुलाबी डंबेल देतात आणि ‘रोज फिरायला जा’ म्हणतात. चालणं हृदयाला, साखरेला उत्तम. पण मांडीला ते वजन रोजचंच, त्यामुळे तंतू जाड करायचं कारणच तिला मिळत नाही.

औषधांचं काय? बिमाग्रुमॅब हे इंजेक्शन स्नायूंची वाढ रोखणारा संदेश अडवतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सार्कोपेनिया (वयामुळे स्नायू आणि ताकद घटणं) असलेल्या ज्येष्ठांना ते २४ आठवडे दिलं. चरबीविरहित वजन ७ टक्के वाढलं, औषधाविना नुसतं द्रावण दिलेल्या गटात १ टक्का. पण चालणं, उठणं, तोल यांत औषधाचा गट दुसऱ्यापेक्षा सरस ठरला नाही; आहार आणि व्यायाम दोन्ही गटांना दिला होता आणि सुधारणा दोघांतही झाली. स्टॅनफर्डच्या हेलन ब्लाऊ यांच्या प्रयोगशाळेने १५-पीजीडीएच हे विकर रोखून म्हाताऱ्या उंदरांचे स्नायू महिन्याभरात बळकट केले. काम सुंदर आहे, पण ते उंदरांवरचं. माणसांसाठी औषध येईपर्यंत आपल्याला खुर्चीतून उठण्या-बसण्याचा व्यायामच बरा.

आधी मोजा. हात छातीवर घडी करून खुर्चीतून पाच वेळा पूर्ण उठा-बसा, मोबाइलवर वेळ लावा. सार्कोपेनियाच्या २०१९ सालच्या आशियाई निकषांनुसार १२ सेकंद किंवा जास्त लागले तर लक्ष द्यायला हवं. हाताच्या पकडीची ताकद पुरुषांत २८ किलोच्या आत, स्त्रियांत १८ किलोच्या आत भरली तरीही. पकड मोजायचं यंत्र बऱ्याच फिजिओथेरपिस्टांकडे असतं.

मग व्यायाम. जड लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, बैठक साधारण दीड फूट उंच. प्लॅस्टिकची नको, फरशीवर सरकते. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, पुढे वाका, हात न टेकता दोन सेकंदांत उठा आणि चार मोजत खाली बसा. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया, कारण स्नायू ताणत भार सोसतो तो भाग फार मोलाचा. उठताना श्वास सोडा. कुंथलात तर रक्तदाब चढतो. आठ वेळा, मग दोन मिनिटं विश्रांती, असे तीन फेरे. जमत नसेल तर बैठकीवर सतरंजीची घडी टाकून उंची वाढवा आणि दर आठवड्याला एक घडी कमी करा.

फेरा संपल्यावर ‘अजून दोनच जमले असते’ असं वाटलं पाहिजे. पाच-सहा सहज जमले असते, तर पाठीवरची सॅक छातीशी उलटी घालून त्यात तांदळाची किलोची पिशवी टाका. पुढे अर्धा-एक किलो वाढवत न्या. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं: पहिल्या महिन्यात जमलेलं वजनच वर्षभर चालू राहतं. व्यायामांमध्ये एक दिवस मोकळा ठेवा. मांडी दोन दिवस दुखली तर चालेल. गुडघ्याच्या सांध्यात टोचलं तर उंची वाढवा. आटोक्यात नसलेला रक्तदाब, नुकताच हृदयविकाराचा झटका, हृदयाची अरुंद झडप, हर्निया किंवा ताजी डोळ्यांची शस्त्रक्रिया असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वजन उचलू नका.

खाण्याबद्दल, १९९४ साली फियाटारोने यांच्याच गटाने वृद्धसेवागृहातल्या शंभर रहिवाशांवर केलेल्या चाचणीत नुसतं पोषणपेय देऊन दुबळेपणा कमी झाला नाही; व्यायामाने ताकद ११३ टक्के वाढली. म्हणजे प्रोटीन पावडरचा डबा एकटा काही करत नाही. व्यायाम करणाऱ्याला मात्र प्रथिनं लागतातच: किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२. वय वाढलं की स्नायू थोड्या प्रथिनांना दाद देत नाहीत, म्हणून दर जेवणात २५ ग्रॅमच्या आसपास हवीत. खरी पंचाईत सकाळी. चहा-बिस्किटं आणि पोह्यांच्या बशीतून जेमतेम पाच-सहा ग्रॅम मिळतात. त्याच पोह्यांत ३० ग्रॅम सुके सोयाचंक्स भिजवून, पिळून टाका (१५ ग्रॅम), वर मोठा ग्लासभर दूध (८ ग्रॅम); किंवा दोन अंडी, दूध आणि मूठभर दाणे. रात्रीचं वरण पातळ पाण्यासारखं करू नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा हिशोब लागू नाही, तज्ज्ञांना विचारा.

ड जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी बऱ्याच घरांत असते. कमतरता असेल तर डॉक्टरांनी दिलेला कोर्स करा. पण २०१६ साली झुरिकच्या चाचणीत सत्तरीपुढच्यांना दरमहा ६० हजार युनिट दिले, तेव्हा पायांची क्षमता वाढली नाही आणि कमी मात्रेच्या गटापेक्षा पडण्याचं प्रमाण जास्त निघालं.

आजारपणात सगळं झपाट्याने जातं. एका प्रयोगात निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांतलं जवळपास किलोभर मांस गेलं. म्हणून दवाखान्यातही डॉक्टरांनी मुभा दिली की लगेच कॉटवरून खुर्चीत बसवा आणि घरी आल्यावर वजन निम्म्यावर आणून पुन्हा सुरुवात करा.