विमानात व्हीलचेअर मागायला कसली लाज

मुलीकडे सिअॅटलला येऊन आता जरा बस्तान बसलंय, आणि साताऱ्याहून रोज कुणाचा ना कुणाचा फोन, की एवढा लांबचा प्रवास तुम्हा दोघांना झेपला कसा, गुडघ्यांचं काय केलं, औषधांचं काय केलं. म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकते. आमच्या वयाचे कितीतरी जण "आता नाही जमायचं" म्हणून लेकरांकडे जाणंच सोडून देतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. जमतं हो. फक्त मागायला लाजायचं नाही.

आमच्याकडे तिकीट काढल्या दिवसापासून व्हीलचेअरवरून वाद. ह्यांची सगळी नोकरी एसटीत गेली, अजूनही रोज सकाळी अजिंक्यताऱ्याकडे फिरायला जातात, त्यामुळे ह्यांचं एकच, मी धडधाकट आहे, खुर्चीत बसलो तर लोक काय म्हणतील. पण सकाळी मोकळ्या हवेत फिरणं वेगळं आणि रात्री दोन वाजता, झोप नाही, हातात बॅग, अशा अवस्थेत रांगेत तासभर उभं राहणं वेगळं! जावयांनी मग फोनवर नीट समजावलं की त्यात प्रकार असतात, डब्ल्यूसीएचआर म्हणून लिहितात तो प्रकार म्हणजे जिना चढता येतो, सीटपर्यंत चालता येतं, पण लांबचं अंतर चालवत नाही, म्हणजे ही सोय आमच्यासारख्यांसाठीच आहे. तिकीट काढतानाच सांगून ठेवायचं आणि निघायच्या दोन-तीन दिवस आधी नोंद आहे ना हे फोन करून बघायचं. मात्र ज्यांना खरंच गरज नाही त्यांनी रांग चुकवायला म्हणून घेऊ नये हे माझं स्पष्ट मत आहे, खुर्च्या मोजक्याच असतात आणि खरा गरजू ताटकळत बसतो.

आमचं विमान पहाटेचं होतं, त्यामुळे दुपारीच जेवून साताऱ्यातून निघालो, खंबाटकीचा बोगदा, मग पुणे, एक्सप्रेसवे, आणि मुंबईत शिरल्यावर जो ट्रॅफिक लागला तो लागलाच. हाताशी भरपूर वेळ ठेवून निघा एवढंच सांगते.

सामानाचं मात्र नीट वाचा. मेतकूट, गोडा मसाला, चटण्या हे सगळं मी चेक-इनच्या बॅगेत टाकलं, कारण २०१८ पासून अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातातल्या बॅगेत ३५० ग्रॅमच्या वर पावडर असली तर तपासणीत अडवू शकतात आणि मग ती तिथेच सोडावी लागते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर घेऊच नका, त्यात तेल असतं, पेट घेण्याची भीती म्हणून विमानात चालत नाहीत. पॉवर बँक उलट, ती हातातच ठेवायची, चेक-इनमध्ये नाही. आणि औषधं! औषधं कधीही चेक-इनमध्ये टाकू नका, बॅग मागे राहिली तर परक्या देशात बीपीची गोळी प्रिस्क्रिप्शनशिवाय कुणी देत नाही. इन्शुलिन घेणाऱ्यांनी तर नक्कीच नाही, कारण खाली सामानाच्या जागेत ते गोठू शकतं आणि गोठलं की वाया गेलं. ह्यांना शुगर आहे, त्यामुळे कुठली गोळी कधी घ्यायची हे आमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतलं होतं, कारण घड्याळ बदलत जातं आणि डोक्यात गोंधळ होतो.

मुंबई ते दुबई तीनेक तास, ते काहीच नाही. दुबईत मात्र आम्हाला खुर्चीवाल्यांच्या जागेत बसवून ठेवलं आणि बराच वेळ कुणी फिरकेना, गेट तर लांब, ह्यांचा जीव वरखाली. मी दोनदा उठून काउंटरवर विचारून आले. विचारत राहायचं, हिंदी बऱ्याच जणांना कळते तिथे. आणि पासपोर्ट, बोर्डिंग पास स्वतःच्या गळ्यातल्या पाऊचमध्ये, दुसऱ्याच्या हातात द्यावे लागले तर लगेच परत घ्यायचे.

पुढचं विमान म्हणजे चौदा-पंधरा तास. खरी परीक्षा ही. एक गोष्ट मला आधी माहीत नव्हती ती जावयांनी सांगितली, की विमानात हवेचा दाब जमिनीसारखा नसतो, सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा तसा असतो. आपलं महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आत आहे, म्हणजे बघा, आपण बसल्या बसल्या महाबळेश्वरच्याही बऱ्याच वर जाऊन बसलेलो असतो, आणि हवा अगदी कोरडी. घसा सुकतो, पाय सुजतात. बसून बसून पिंडरीत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वयस्कर माणसांना जास्त, म्हणून डॉक्टरांना विचारून दोघांनीही ते गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे घातले होते. मी कडेची सीट मागून घेतली होती. पाणी पीत राहायचं, पाणी प्यायलं की बाथरूमला उठावं लागतं, उठलं की आपोआप चालणं होतं. बायका बाथरूमला जायला नको म्हणून पाणीच पीत नाहीत, मैत्रिणींनो कृपा करून हे करू नका. बसल्या जागी घोटे फिरवायचे, टाचा वर-खाली करायच्या. जेवण आधीच शाकाहारी भारतीय सांगून ठेवलेलं, ते सगळ्यांच्या आधी आलं, गरम होतं आणि चवीला बरं होतं.

समोरच्या स्क्रीनवर नकाशा बघत ह्यांचा वेळ छान गेला. विमान सरळ पश्चिमेला जाईल असं वाटत होतं तर ते उत्तरेलाच निघालं, पार ध्रुवाच्या बाजूने, पृथ्वी गोल असल्यामुळे तोच जवळचा रस्ता. उन्हाळ्याचे दिवस, तिथे सूर्य मावळतच नाही, त्यामुळे दुबईत सकाळी निघालो आणि उतरेपर्यंत बाहेर ऊनच. खाली नुसता बर्फ. हे मला सारखे हाताला धरून दाखवत होते.

सिअॅटलला २०२२ मध्ये नवीन इमारत सुरू झालीय, विमानातून उतरून एका लांबलचक पुलावरून जावं लागतं, ७८० फूट, आणि खालून विमानं जातात. तिथे हे स्वतःहून म्हणाले, "थांब, मी पण बसतो खुर्चीत." मला इतकं बरं वाटलं! पासपोर्टवाल्या साहेबांनी कुणाकडे आलात, किती दिवस, सामानात खायचं काय एवढंच विचारलं. खायचं सगळं फॉर्मवर खरं खरं सांगितलं होतं, त्यामुळे काही अडलं नाही. दहा वर्षांचा व्हिसा असला तरी एका वेळी साधारण सहा महिनेच राहायला देतात हे लक्षात ठेवा, परतीची तारीख तोंडपाठ पाहिजे.

इथलं घड्याळ आत्ता साताऱ्याच्या साडेबारा तास मागे आहे, म्हणजे दिवसाची रात्र. पहिला आठवडा रात्री दोनला टक्क जाग, दोघं स्वयंपाकघरात चहा करून बसायचो, आणि संध्याकाळी सहाला जेवताना डुलक्या. इथे उन्हाळ्यात नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, मुलगी आम्हाला तेव्हा जबरदस्तीने बाहेर फिरायला न्यायची, झोपू द्यायची नाही. तेव्हा राग यायचा, पण त्यानेच घडी बसली. तुमच्यापैकी कुणी निघणार असाल तर मला फोन करा, फक्त आपल्याकडे संध्याकाळी सातनंतर, तेव्हा इथे सकाळ झालेली असते.