तुम्ही विचारलंत म्हणून: इतकी वर्षं खाणीत राहून इंडस्ट्रीला काय दिलंत?

रिटायर झाल्यापासून हा प्रश्न सारखा येतो. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा टनांचा आकडा हवा असतो, आणि तो मी सांगत नाही, कारण कोळसा कंपनीचा, आपल्याला त्याचा पगार मिळाला, विषय संपला.

माझ्या मते इंडस्ट्रीची सेवा म्हणजे खाणीत जे कळलं ते स्वतःजवळ दाबून न ठेवणं. आता ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही बघा, १८१५ मध्ये त्याने खाणकामगारांसाठी सेफ्टी लॅम्प बनवला आणि पेटंट घेतलंच नाही. ज्योतीभोवती बारीक जाळी, ती उष्णता शोषून घेते म्हणून बाहेरचा मिथेन, म्हणजे कोळशाच्या खाणीत निघणारा ज्वलनशील गॅस, पेटत नाही, आणि आत गॅस शिरला की ज्योतीवर निळसर टोपी दिसते. भारीच काम! पण मग झालं काय, की लॅम्प आहे ना, म्हणून गॅसमुळे सोडून दिलेल्या जागीही माणसं उतरवायला लागले. म्हणजे नुसतं यंत्र देऊन भागत नाही, ते कुठे दगा देतं हेही कोणीतरी शिकवावं लागतं.

मला त्याहून मोठा वाटतो तो जॉन स्कॉट हाल्डेन, ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ. स्फोटात गेलेल्या खाणकामगारांचे मृतदेह तपासून त्याने १८९६ मध्ये रिपोर्ट दिला, की बरीचशी माणसं भाजून किंवा धक्क्याने नाही तर स्फोटानंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी गॅसने मेली. मग कॅनरी पक्षी न्यायचा सल्लाही त्याचाच, कारण एवढासा जीव माणसाच्या आधी कोसळतो आणि तुम्हाला पळायला वेळ मिळतो. ब्रिटनमध्ये ही पद्धत पार १९८६ पर्यंत चालली.

मी कुठे एवढा मोठा. मी खाणीच्या मॅनेजरच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांना शिकवतो, बस. मिथेन हवेत साधारण ५ ते १५ टक्के असला की स्फोट होतो हे सगळ्यांना पाठ असतं, पण १५ च्या वर गेला म्हणून निर्धास्त होणारे सुद्धा पाहिलेत मी, अरे बाबा तिथे ताजी हवा सोडलीस की तोच गॅस पातळ होत होत परत त्याच पट्ट्यात येणार ना, तेव्हा काय करशील? इथे वर्ग गप्प होतो. मग खरं शिकवणं सुरू होतं.

दुसरं काम म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या नोंदी. छत ठोकल्यावर पोकळ वाजलं, माणसं मागे घेतली, नंतर दगड पडला, कोणाला काही झालं नाही, की लोक लिहीतच नाहीत, उगाच चौकशी कशाला मागे लावून घ्यायची म्हणून. आणि कॉन्फरन्समध्ये तर सगळेच यशस्वी असतात (चहा मात्र चांगला असतो). मी तारीख, जागा, काय दिसलं, काय ऐकू आलं, एवढंच लिहायचो, आणि पुढच्या शिफ्टवाल्याला ते वाचायलाच लावायचो, वैतागला तरी.

तुमच्यापैकी कोणाचा व्हेंटिलेशनचा पेपर अडत असेल तर सांगा, सकाळी मी मोकळाच असतो.